सिगारेट सोडताना वजनाचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४३, चाकणजवळच्या कारखान्यात सुपरवायझर, दर आठवड्याला पाळी बदलते. वीस वर्षं सिगारेट, सध्या रोज १२ ते १४. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सोडली होती. साडेचार महिने टिकली, पण तेवढ्यात वजन ७० वरून ७७ किलो झालं, पँटी होईनाशा झाल्या आणि डिसेंबरात सिगारेट पुन्हा सुरू केली. त्यानंतर वजन उतरलं ते ७५ पर्यंतच. उंची १६८ सेंटिमीटर. वडिलांना मधुमेह, स्वतःचं एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.०, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. यंदा श्रावणाला पंधरा दिवस उरलेत आणि पुन्हा सोडायचं मनात आहे. ‘पण वजन वाढून शुगरच लागणार असेल, तर आहे ते काय वाईट?’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. मी बावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय, त्यातली बरीच वर्षं आठवड्यातली एक दुपार फक्त तंबाखू सोडणाऱ्यांसाठी ठेवली आहे. हे वाक्य मी तिथे पुन्हा पुन्हा ऐकलंय आणि सिगारेट परत सुरू होण्यामागे ते फार वेळा सापडलंय. त्यामुळे आधी त्याचा निकाल लावू.

सिगारेट मधुमेहापासून वाचवत नाही. धूम्रपान करणाऱ्याला टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता न करणाऱ्यापेक्षा ३० ते ४० टक्क्यांनी जास्त असते. निकोटिनमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, आणि वजनकाट्यावर सडपातळ दिसणाऱ्या माणसाचीही चरबी पोटाभोवती जास्त साठते. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा, २६.६ येतो. आपल्याकडच्या लोकांसाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर तुम्ही लिहिलेला नाही, तो आज बेंबीच्या पातळीवर मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर खरा धोका तिथे आहे. म्हणजे सिगारेट चालू असतानाच तुमचं पोट आणि तुमची साखर इथवर आली आहे.

तुमच्या भीतीत तथ्य आहे, हेही सांगतो. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की सिगारेट सोडल्यावर ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यात पुढची काही वर्षं मधुमेहाचं प्रमाण खरंच वाढतं, पाच ते सात वर्षांच्या सुमारास ते सर्वांत जास्त असतं, मग उतरतं. ज्यांचं वजन वाढलं नाही त्यांच्यात ही वाढ दिसली नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लोकांपर्यंत पोहोचत नाही: वजन कितीही वाढलेलं असो, सोडणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ओढत राहिलेल्यांपेक्षा कमीच राहिलं. म्हणून सोडायची की नाही हा प्रश्न मी इथेच मिटवतो. सोडायची. वजन कमीत कमी कसं वाढेल, एवढाच प्रश्न आता उरतो, आणि तुमचे वडील मधुमेही असल्यामुळे तो तुमच्या बाबतीत किरकोळ नाही.

वाढतं तरी किती? २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून, औषधांच्या मदतीशिवाय सोडणाऱ्यांचा हिशोब मांडला गेला. पहिल्या महिन्यात सरासरी एक किलोच्या थोडं वर, तीन महिन्यांत पावणेतीन-तीन, वर्षभरात साडेचार ते पावणेपाच किलो. आकडे बहुतांशी पाश्चात्त्य देशांतले आहेत, पण माझ्या रुग्णांत जे दिसतं ते याच्या आसपासच असतं. यातले दोन टोकांचे आकडे लक्षात ठेवा. वर्षअखेरीस साधारण सहांतल्या एकाचं वजन उलट घटलेलं होतं, आणि सात-आठांतल्या एकाचं १० किलोहून जास्त वाढलं होतं. सगळे एकाच औषधाच्या बाटलीतून प्यायल्यासारखे सारखे फुगत नाहीत. मधला फरक बराचसा वागण्यातून येतो. आणि वाढीचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांतला असतो, म्हणून तेच तीन महिने सांभाळायचे.

वजन वाढतं ते दोन वाटांनी. पहिली शरीराची. निकोटिन शरीराला सतत थोडं जास्त जाळायला लावतं आणि मेंदूतल्या भुकेच्या केंद्राला दाबून ठेवतं. दिवसाला वीस-पंचवीस सिगारेटी ओढणाऱ्यांत हे जास्तीचं ज्वलन मोजलं गेलं तेव्हा दिवसाला सुमारे २०० कॅलरी भरलं. तुमच्या १२-१४ सिगारेटींना त्याहून कमी धरा. म्हणजे सोडल्यावर रोज शंभर-सव्वाशे कॅलरी न जळता उरतील. दुधा-साखरेच्या दीड-दोन कप चहाइतकं हे आहे. एवढ्याने साडेचार महिन्यांत सात किलो वाढत नाहीत.

सात किलोंतला मोठा वाटा दुसऱ्या वाटेने आला, तोंडावाटे. आणि तुमचा श्रावण पाहिला की ती वाट दिसते. श्रावणात सोडणं मला आवडतं, कारण मित्रमंडळी आधीच ‘पाळत’ असतात, दारूच्या बैठका बंद असतात, कुणी ‘घे रे एक’ म्हणत नाही. पण तुम्ही त्यासोबत सोमवार आणि शनिवारही धरले होते, असं लिहिलंय. दिवसभर उपाशी, त्यात निकोटिन नाही, आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट आणि तूप. भरलेली एक बशी पोळीभाजीच्या जेवणाइतकी होते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. मग गणपतीतले मोदक, मग नवरात्राचे उपास, मग दिवाळीचा फराळ. श्रावणात सोडणाऱ्यांचे पहिले तीन महिने नेमके आपल्या सणांच्या गर्दीतून जातात.

म्हणून यंदाचा माझा पहिला सल्ला तुम्हाला विचित्र वाटेल: सिगारेट सोडा, आणि उपास सोडायचे नाहीत म्हणत असाल तर आठवड्यातला एकच ठेवा, तोही एकवेळ जेवणाचा. वरईचा भात आणि दाण्याची पातळ आमटी किंवा ताक, फळ, दही चालेल. साबुदाणा या वर्षी नको. आईंना किंवा घरच्यांना पटवायला लागलं तर माझं नाव सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा.

आणि यातूनच दुसरं: पहिले तीन महिने ‘डाएट’ करायचं नाही. पोळ्या निम्म्या करणं, रात्रीचं जेवण बंद, फक्त काकडीवर राहणं, असलं काही नको. भूक आणि सिगारेटची तलफ शरीरात फार सारख्या भासतात: हात थरथरतो, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. उपाशी माणसाला आपल्याला नक्की काय हवंय ते कळत नाही, आणि वीस वर्षांच्या सवयीचा हात खिशाकडे जातो. मी सुरुवातीच्या वर्षांत रुग्णांना सिगारेट बंद आणि आहाराचा तक्ता एकाच दिवशी द्यायचो. ते चुकत होतं. बरेच जण महिन्याभरात तक्ताही सोडायचे आणि सिगारेटही धरायचे. आता मी पहिल्या तीन महिन्यांसाठी वजन उतरवायचं ध्येय ठेवतच नाही. तुमच्यासाठी मर्यादा अशी: आजचे ७५, तीन महिन्यांनी ७७ पर्यंत चालेल. ७७ च्या वर जाऊ लागलं तर घाबरायचं नाही, पण काय वाढलंय ते आठवड्याच्या आत शोधायचं.

आता मुख्य काम. तुमच्या प्रत्येक सिगारेटला दिवसात एक जागा आहे. ती निघाली की तिथे खड्डा पडतो, आणि आपण काही ठरवलं नसेल तर तो खड्डा बिस्किट, फरसाण आणि वडापाव भरतात. म्हणून सोडायच्या आधीच्या दोन आठवड्यांत एक कागद पाकिटाला रबर लावून ठेवा. प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी वेळ आणि कारण लिहा, दोन शब्दांत. ‘६.४०, उठल्यावर.’ ‘१०, चहा-सुट्टा.’ ‘जेवणानंतर.’ ‘साहेब ओरडले.’ ‘रात्री ३, झोप येते.’ चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्हाला दिसेल की बारा-चौदा सिगारेटी पाच-सहाच कारणांभोवती फिरताहेत. प्रत्येक कारणासमोर वेगळी गोष्ट लिहायची.

जेवणानंतरच्या सिगारेटकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. ती पूर्णविराम असते. ती पेटली की जेवण संपलं हे मेंदूला कळतं. ती गेली की माणूस ताटावर रेंगाळतो, आणखी थोडा भात घेतो, मग काहीतरी गोड शोधतो. माझ्या एका रुग्णाचं वजन निव्वळ जेवणानंतरच्या गुळाच्या खड्यावर आणि चिक्कीवर चार किलो वाढलं होतं. त्याला ते आठवतही नव्हतं, पत्नीने सांगितलं. जेवणाला नवा पूर्णविराम हवा: ताट उचलून स्वतः घासा, लगेच दात घासा आणि दहा मिनिटं बाहेर चालून या. टूथपेस्टची चव तोंडात असताना सिगारेटही नको वाटते आणि गोडही. बडीशेप, लवंग, वेलदोडा चालेल. ज्येष्ठमध सतत चघळत राहू नका, त्याने रक्तदाब वाढतो.

चहा-सुट्ट्याची वेळ दुसरी. टपरीवर जाऊ नका असं मी म्हणणार नाही, कारण तिथे माणसं असतात आणि दिवसभर मशीनच्या आवाजात राहणाऱ्याला ती दहा मिनिटं लागतात. पण पहिले तीन आठवडे मित्रांना कँटीनच्या आत बसवा. आणि चहा आजपासूनच कमी करा, यामागे एक कारण आहे जे फारसं कुणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जास्त चढतं आणि जास्त वेळ राहतं. मग धडधड, बेचैनी, झोप उडणं. माणसाला वाटतं हे सिगारेट सोडल्यामुळे होतंय. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, विशेषतः गोडाची. तुम्ही दिवसाला सहा चहा घेता. ते तीनवर आणा, कप अर्धा, साखर एकच चमचा. एका चमच्याला २० कॅलरी. सहा चहांत दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला २४० कॅलरी, आणि तीन चहांत एक-एक म्हणजे ६०. सोडल्यावर न जळता उरणार होत्या त्यांच्याहून जास्त कॅलरी इथेच वाचल्या, आणि ताटाला हातही लावावा लागला नाही.

हाताला आणि तोंडाला चाळा लागतोच, तो नाकारू नका. काय खाताय ते बघा. फुटाणे मूठभर, ३० ग्रॅम, म्हणजे सव्वाशेच्या आत कॅलरी आणि चावायला वेळ लागतो. शेव-फरसाणाच्या ५० ग्रॅमच्या पुडीत अडीचशेच्या वर कॅलरी असतात आणि ती पाच मिनिटांत संपते. गाजराचे, मुळ्याचे, काकडीचे लांब तुकडे डब्यात न्या. लांबच हवेत, बोटांत धरायला. पेरू, चिंच-बोरं, आवळा, ताक. लिमलेटच्या गोळ्या मात्र फसव्या असतात: एक छोटी वाटते, पण प्रत्येकी वीसेक कॅलरी आणि दिवसाला पंधरा जातात. आणि सुपारी नको, कुठल्याही रूपात. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे आणि तोंड न उघडण्याचा आजार देते. सिगारेट सुटली म्हणून मावा किंवा मिश्रीकडे वळलेले रुग्ण मी पाहिलेत. निकोटिनने फक्त दार बदललेलं असतं.

जेवणात काही कमी करायचं नाही म्हणालो, पण क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी किंवा पोळी, भात शेवटी. सकाळच्या नाश्त्यात पोहे-उपम्याऐवजी आठवड्यातून चार दिवस मुगाचं धिरडं, अंडी किंवा मटकीची उसळ घ्या. प्रथिनं पोटात टिकतात. सोडल्यावर पहिले काही आठवडे बद्धकोष्ठ होतं, पोट फुगल्यासारखं वाटतं आणि पँट घट्ट होते. ती चरबी नसते. पाणी, पालेभाजी, रात्री इसबगोल, एवढ्याने बरं होतं. याच दिवसांत चवही परत येते, भाजीतला कढीपत्ता वेगळा लागतो, आणि जेवण जास्त जातं. घरच्यांना सांगून ठेवा की आग्रह नको.

रात्रपाळी तुमची सर्वांत अवघड जागा आहे. पहाटे तीनला भूक नसते, झोप असते, आणि कँटीनला समोसाच असतो. घरून डबा न्या: ज्वारीची अर्धी भाकरी आणि पिठलं, किंवा दोन उकडलेली अंडी. तीनला तलफ आली की शॉपफ्लोअरला एक चक्कर मारा. तलफेची लाट तीन-पाच मिनिटांत उतरू लागते, मग खायचं की नाही ते ठरवा. आणि जमलं तर सोडण्याचा दिवस दिवसपाळीच्या आठवड्यात धरा.

निकोटिन च्युइंगमबद्दल विचारलंय. तुमच्यासाठी मी ते सुचवीन, कारण ते तलफही भागवतं आणि चालू असेपर्यंत वजनवाढही कमी राहते. ते बंद झाल्यावर थोडं वजन वाढू शकतं. पण तोवर सिगारेटची सवय मोडलेली असते आणि तुम्ही वजनाकडे बघायला मोकळे असता. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं, त्याला चिठ्ठी लागते. नाहीतर २ मिलिग्रॅमचं, ते दुकानात तसंच मिळतं. चावायची पद्धत महत्त्वाची आहे. नेहमीच्या गोड च्युइंगमसारखं चघळत राहिलात तर उचक्या, जळजळ आणि मळमळ होते आणि निकोटिन पोटात जाऊन वाया जातं. चार-पाचदा हळू चावा, तोंडात तिखटसर झिणझिण आली की गालात धरून ठेवा, झिणझिण गेली की पुन्हा चावा. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबू सरबत नको. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग हळूहळू कमी, तीन महिन्यांत बंद. बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन या गोळ्याही आहेत, त्याही वजनवाढ लांबवतात, पण त्या तपासून द्यायच्या असतात. कधी फिट आली असेल तर बुप्रोपिऑन चालत नाही. ई-सिगारेटचा विचार करू नका, आपल्याकडे २०१९ पासून तिच्यावर बंदी आहे.

चालणं सोडायच्या दिवशी सुरू करू नका, आजच करा. एका वेळी दोन नव्या गोष्टी जड जातात, आणि पंधरा दिवसांत चालणं थोडं अंगवळणी पडलेलं असेल. तुमच्या वजनाच्या माणसाचं अर्धा तास झपझप चालणं म्हणजे सव्वाशे-दीडशे कॅलरी, सिगारेट गेल्याने जी तूट येते ती बऱ्यापैकी भरून निघते. शिवाय दहा मिनिटं चाललं तरी तलफ उतरते. पाळी बदलली की वेळ बदला, पण जेवणानंतरचे दोन दहा-दहा मिनिटांचे फेरे कुठल्याही पाळीत ठेवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जिना चढताना दम कमी लागू लागेल, तेव्हा वाढवा. आठवड्यात दोन दिवस घरी बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर.

दारू पहिला महिना नाहीच. श्रावणात ते सोपं आहे. बैठकीत सिगारेट परत येते, आणि व्हिस्कीच्या ६० मिलीलिटरला दीडशेच्या जवळ कॅलरी, त्यावर चकणा वेगळा.

वजन आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर. रोज चढलात तर अर्ध्या किलोच्या चढउताराने मन खचतं. कंबर महिन्यातून एकदा. एचबीए१सी आणि उपाशीपोटीची साखर तीन महिन्यांनी करा आणि पुढचं वर्षभर दर तीन-चार महिन्यांनी. दम्यासाठी थिओफिलिन, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेत असाल तर सोडायच्या आधी त्या डॉक्टरांना सांगा, कारण कॅफिनसारखीच या औषधांचीही पातळी वाढते. तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण विचारून ठेवतो.

तीन महिने पार पडले आणि दिवाळी झाली, की मग वजन उतरवायचं काम हातात घेऊ. तेव्हा आहार ठरवून कमी करता येतो, कारण भुकेला तलफेची जोड राहिलेली नसते. ७७ वरून ७२ ला यायला सहा-आठ महिने लागतील, घाई नाही. मागच्या खेपेला तुम्ही नेमके या वळणावर, साडेचार महिने निभावल्यावर, परत फिरलात. आणि सिगारेट पुन्हा धरून उतरलं काय? दोन किलो.

मधल्या काळात एखादी ओढली गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत लिहा आणि पुढे चला, पुन्हा पहिल्यापासून मोजायची गरज नाही. रात्री-अपरात्री नाही, पण दिवसा कुणाशी बोलावंसं वाटलं तर पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. तो पाकीट फेकायच्या आधी मोबाइलमध्ये घालून ठेवा.

आजची पाळी कुठली आहे माहीत नाही. निघण्याआधी पाकिटाला तो कागद आणि रबर लावा, कमरेचा घेर मोजून त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहा, आणि कँटीनवाल्याला सांगा की उद्यापासून अर्धा कप, साखर एक चमचा.